बांधलेले चक्रवाक

नकुलेचे कोणी खरे मानले नाही. ‘माझी जीभ तिखट आहे, म्हणून डोळेही खोटे का?’ असे ती किनाऱ्यावर उभी राहून ओरडत होती, आणि लोक हसत होते.

ही गोष्ट अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, राजा वसुसेन राज्य करीत होता तेव्हाची. तिथल्या एका लहान बेटावर बोधिसत्त्व कोळ्यांचा मुख्य तांडेल होता. बेटाचा रिवाज असा, की पावसाळा सरला तरी शरदात चक्रवाकांचा पहिला थवा उत्तरेकडून येऊन समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरल्याशिवाय कोणी होडी लोटायची नाही. पाखरे उतरली, म्हणजे दर्या निवळला.

त्या वर्षी थवा लवकर दिसला. मासळीचा व्यापारी भल्लुक लगेच म्हणाला, ‘पहिली होडी लोटणाऱ्या तांडेलाला नवी होडी माझ्याकडून!’ नकुलेचे दोन्ही मुलगे वल्ही घेऊन तयारच होते. ती मात्र पहाटे ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या शिंपल्या काढायला पट्ट्यापर्यंत गेली होती. परत आली ती धावतच. ‘अरे, ही पाखरं आली नाहीत, आणून बसवलीत! पाय खुंट्यांना बांधलेत!’

‘नकुले, परवाच भल्लुकाशी मासळीच्या भावावरून भांडलीस ना?’ एक म्हातारा म्हणाला. ‘तो राग पाखरांवर काढतेस होय?’

‘भांडले, उद्याही भांडेन. पण बुडतील ती पोरं माझी, तुझी नाहीत!’

बोधिसत्त्वाच्या मनात आले, ‘ही खोटे बोलत असेल तर माझे पाय ओले होतील, एवढेच. खरे बोलत असेल तर?’ तो पाण्यात उतरला. पट्ट्यावर जाऊन त्याने टाळी वाजवली. पाखरे फडफडली, उडाली नाहीत.

भल्लुक मागोमाग आला होता. ‘तांडेल, तू काही पाहिलं नाहीस. हंगामाची पहिली मासळी माझ्या हाती पडू दे, दोन होड्या देतो.’

बोधिसत्त्वाने दोऱ्या कापल्या. कातरलेल्या पंखांची ती पाखरे टोपलीत घालून त्याने किनाऱ्यावर आणली आणि सर्वांसमोर टोपली उघडली. कोणी होडी लोटली नाही. संध्याकाळी वादळ उठले, वाळूचा पट्टा दिसेनासा झाला.

लोक भल्लुकावर धावून गेले. बोधिसत्त्व मध्ये उभा राहिला. ‘मेलं कोणी नाही. आता याला मारून कोणाला वाचवणार?’ नकुलेने मात्र कोणाकडे पाहिले नाही. मुलांना जेवायला हाक मारून ती घरात गेली.

त्या वेळचे बेटकरी आज तथागतांचे श्रोते आहेत, नकुला ती भिक्षुणी उत्पलवर्णा आणि तांडेल स्वतः तथागत. लाभ सोडून सत्य पाहायला जाणे, ही त्या जन्मीची पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारा गुण. आणि ज्याने पाखरांचे पाय बांधले, तो तथागतांचा वैरी देवदत्त.