पहिल्या होडीतली जागा

“तुम्हाला वल्हं मारायला सांगत नाही, शिड ओढायला सांगत नाही. नुसतं बसायचं आहे,” कारभारी तिसऱ्यांदा म्हणाला, आणि हवा पाहणारी बाई तिसऱ्यांदा नाही म्हणाली.

हे भांडण नदीच्या घाटावर चाललं होतं, भर सकाळी, चारचौघांत. गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राजे होते आणि त्यांना खेळ बघायला वेळही होता. भांडण जरा तिथंच राहू द्या. ते कशावरून पेटलं हे आधी सांगायला हवं.

त्या राज्याच्या डोक्यावर बर्फाचा डोंगर होता आणि डोंगराच्या पायाशी रुंद नदी. पोटासाठी डोंगर चढायची किंवा नदीत उतरायची तिथल्या लोकांना गरज नव्हती. धान्य घराशी पिकत होतं. म्हणून ते हौसेनं जात. हिवाळ्यात पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत, आणि थंडी सरली की शिडाच्या होड्या पाण्यात घालून शर्यती लावत. पोट भरलेल्या माणसाला जीव धोक्यात घालायची भारी हौस असते. मी त्यांना नावं ठेवत नाही. उतारावरून सुसाट सुटण्यात सुख आहेच. पण ते सुख कुठल्या दिवशी घ्यायचं, हे कुणीतरी बघावं लागतं.

ते बघायला दरबारानं एक बाई नेमली होती. तिचा बाप खिंडीतून ओझी वाहायचा. तीही लहानपणापासून त्याच्यामागून चालली, आणि जे शिकली ते पायांनी शिकली. पहाटे ती बर्फात काठी खुपसून बघायची, वरचा थर किती कोवळा आणि खालचा किती घट्ट. खिंडीच्या कडेवरून बर्फाची भुकटी उडते का, उडाली तर कुठल्या अंगाला, हे बघायची. मग खाली घाटावर येऊन गालावर वारा घ्यायची आणि जमलेल्या लोकांना तीनच गोष्टी सांगायची. बर्फ कसा आहे, वारा कसा असेल, आणि कुठल्या वेळेपर्यंत. चौथं काही विचारलं तर म्हणायची, मला माहीत नाही.

पूर्वीच्या एका राजानं या कामाला एक नियम घालून दिला होता. “जा” असं जो सांगेल, त्यानं आधी स्वतः जायचं. म्हणजे बाईनं डोंगर मोकळा केला की पहिली फळी तिची, आणि नदी मोकळी केली की पहिल्या होडीत नाळेजवळचा, म्हणजे अगदी पुढच्या टोकाचा पाट तिचा. ती बसली नाही तर कुणीच होडी सोडायची नाही. नियम शहाणपणाचा होता. दुसऱ्याचा जीव पणाला असला की जीभ सैल सुटते. आपलाही त्यात आहे म्हटल्यावर माणूस तोलून बोलतो.

बारा वर्षं असं चाललं. ज्या दिवशी ती होडीत बसली, त्या दिवशी कुणी बुडालं नाही. ज्या दिवशी ती नाही म्हणाली, त्या दिवशी कुणी गेलंच नाही. आणि एवढ्या सरळ गोष्टीतून लोकांनी उलटाच अर्थ काढला. आधी नावाडी म्हणू लागले की बाईच्या पायाला यश आहे. मग आया तिच्या जुन्या लुगड्याचा धागा मागून नेऊ लागल्या, मुलांच्या फळ्यांना बांधायला. पुढं पुढं ती काय सांगते हे ऐकायलाही कुणी थांबेना. ती बसली का, एवढंच लांबून बघायचं आणि शिड सोडायचं. कुणी पायाला हात लावू लागलं की ती चिडायची. माझ्या पायात यशबिश काही नाही, टाचांना भेगा आहेत तेवढ्या, असं तोंडावर सांगायची. लोक हसायचे आणि तिच्या पाया पडायचे.

त्या वर्षी शेजारच्या राजाकडून पाहुणे आले होते. एकोणीस होड्यांची शर्यत ठरली होती. खेळांची सगळी व्यवस्था ज्याच्याकडे होती त्या कारभाऱ्याला एकच मुलगी. तिनं हट्टानं सुकाणू शिकून घेतलं होतं, हात चांगला होता, आणि पहिली होडी तिच्याकडे होती. कारभारी माणूस वाईट नव्हता. पोरगी पाण्यात असली की तो काठावर येरझारा घालायचा, घास घशाखाली उतरायचा नाही. पण होडीत बाई बसलेली दिसली, की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा.

त्या सकाळी बाईनं सांगितलं ते असं. खिंडीत तीन दिवस अवेळी बर्फ पडला आहे आणि आज ऊन कडक आहे. सकाळी वारा पडलेला राहील, शिडं फुगणार नाहीत. दुपारी हलका वारा सुटेल, त्याला भुलू नका. सूर्य कलला की खिंडीत साठलेली गार हवा एकदम नदीवर कोसळेल. तीन दिवस थांबा, वरचा बर्फ बसू द्या, मग काय ते बघू.

कारभाऱ्यानं सांगितलं, पाहुणे उद्या निघणार आहेत. बाई म्हणाली, मग त्यांना चांगलं जेवू घाला आणि निरोप द्या. तो म्हणाला, महाराजांनी शब्द दिलाय. ती म्हणाली, तो पाहुण्यांना दिलाय, खिंडीला कुणी दिलेला नाही. नावाडी खाली बघून हसले. कारभाऱ्याचा चेहरा उतरला, आणि त्याचा आवाजच बदलला.

“हे बघा बाई, माझी एकुलती एक आहे. शर्यत काही माझ्या हातात नाही. तुम्ही तिच्या शेजारी बसलात तर तिच्या केसाला धक्का लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी बसा.”

“एकुलती एक आहे म्हणूनच सांगते. तिला घरी न्या.”

पोरगी तिथंच दोर आवळत होती. तिनं मान वर केली. “मावशी, खरं सांगा, तुम्हाला गारठा सोसत नाही आता. घोंगडं दोन पदरी करून देते हवं तर.”

बाईला राग आला नाही. ती म्हणाली, घोंगडं तुलाच लागेल, आणि तेही ओलं असेल. मग काठी उचलून ती डोंगराकडे चालू लागली. वरच्या उतारावरचा बर्फ उन्हानं सैल होतो का ते तिला बघायचं होतं, कारण फळ्या घेतलेली काही मुलं तिकडंही निघाली होती. भांडण तसंच अर्धवट राहिलं.

कारभाऱ्यापुढं दोन वाटा होत्या. महाराजांपाशी जाऊन शर्यत होणार नाही असं सांगायचं, किंवा काहीतरी तोड काढायची. त्यानं तोड काढली. घाटावरच्या खोपीत बाईचा पाट असायचा, तिचं घोंगडं असायचं. त्यानं पाट उचलून पहिल्या होडीत नाळेजवळ मांडला. पाटावर एक उंच टोपली पालथी घातली, तिला घोंगडं गुंडाळलं, आणि मागं सरून घोंगड्याला मनापासून हात जोडले.

कुणी म्हणेल, त्यानं लोकांना फसवलं. फसवलं खरंच. लांबून बाकीच्या अठरा होड्यांना बाई परत येऊन बसलेली दिसली आणि त्यांनी शिडं सोडली. पण ज्या टोपलीपुढं माणूस स्वतः हात जोडतो, ती मांडून त्यानं आधी स्वतःलाच फसवलेलं असतं. त्याला वाटत होतं, बाई नाही तर नाही, बाईच्या अंगावरचं घोंगडं आहे, बारा वर्षांचा पाट आहे. पुरी नाही तरी निम्मी बाई होडीत आहे. पोरीनं सगळं बघितलं. तिला होडी सोडायची होती. एवढं पुरे, असं तिलाही वाटलं.

दुपारी हलका वारा सुटला. छान वारा होता. शिडं फुगली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि होड्या मध्यधारेला लागल्या.

सूर्य कलला तेव्हा खिंडीच्या कडेवरून पांढरी भुकटी उठली, दळताना जात्याभोवती पीठ उडतं तशी. वर उतारावर उभ्या असलेल्या बाईला ती दिसली. तिनं फळ्या घेतलेल्या मुलांना होती तिथंच खाली बसवलं. नदीवरच्या कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं, कारण बाई बसली आहे म्हटल्यावर डोंगराकडे बघायचं कशाला?

वारा आला तो वरून आला. पाणी आधी काळं पडलं, मग होड्या आडव्या झाल्या. पहिल्या होडीच्या शिडाचा वासा गर्रकन फिरला आणि पोरीच्या उजव्या खांद्यावर बसला. टोपली पाण्यात गेली, घोंगडं गेलं, पाट गेला, मग होडीही गेली. एकोणीसपैकी नऊ उलटल्या. दहा कशाबशा काठाला लागल्या. कोळ्यांनी जाळी टाकून माणसं ओढून काढली. कारभाऱ्याची मुलगी त्यांना मिळाली, जिवंत. चार जण मिळाले नाहीत.

वैद्यानं खांदा बघून सांगितलं, पोर जगेल, पण हा हात आता कानाच्या वर जायचा नाही. म्हणजे सुकाणू सुटलं.

संध्याकाळी दरबारात भांडण पुन्हा उभं राहिलं, आणि आता ते सकाळपेक्षा वाईट होतं. आपल्याला वाटेल, कारभारी मान खाली घालून आला असेल. तसं झालं नाही. घाटावर तोवर टोपलीची गोष्ट फुटली होती, त्यावरून एक हिशेब तयार झाला होता आणि तो सगळ्यांना पटला होता. निम्मी बाई होडीत होती, म्हणून निम्म्या होड्या वाचल्या. नावाडी हेच म्हणत होते, पाहुणेही हेच म्हणू लागले होते. टोपलीबद्दल कारभाऱ्याला कुणी शब्दानंही बोललं नाही. उलट एक जण म्हणाला, निदान त्याला घोंगडं ठेवायचं सुचलं तरी, नाहीतर एकही होडी परत आली नसती.

कारभारी रडत होता. त्याचं रडणं खरं होतं. त्यानं महाराजांना सांगितलं की नुसत्या घोंगड्यानं दहा होड्या सांभाळल्या. ही बाई स्वतः बसली असती तर एकोणीसच्या एकोणीस आल्या असत्या. चार घरं बुडाली आणि माझ्या पोरीचा हात गेला, तो हिच्या हट्टामुळं. तेव्हा हिला शिक्षा नको, काही नको. फक्त हिनं नाही म्हणायचं नाही, एवढा हुकूम व्हावा.

महाराजांनाही ते बरं वाटलं. पाहुणे एक दिवस थांबायला तयार होते. उरलेल्या दहा होड्यांची शर्यत उद्या लावता आली असती. बाईला बसवायचं, नाहीच बसली तर उचलून बसवायचं. हुकूम ओठांवर आला होता.

महाराजांनी बाईला विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. तिनं आधी मुलीचा ताप उतरला का ते विचारलं. मग नेहमीसारखं सांगितलं: खिंडीत अजून दोन दिवसांचा बर्फ शिल्लक आहे, वारा उद्याही आजच्यासारखाच येईल, याच वेळेला. कुणी ऐकून घेतलं नाही. लोक तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते.

कारभारी पुढं झाला आणि त्यानं सगळ्या दरबाराच्या मनातलं विचारलं. “एकदा बसला असतात, तर तुमचं काय बिघडलं असतं?”

यावर ती एकच वाक्य बोलली आणि भांडण संपलं. ते वाक्य मी शेवटासाठी मागं ठेवलं आहे. म्हणून बाकीचं आधी सांगून घेते.

महाराजांनी हुकूम गिळला. दुसऱ्या दिवशी होड्या काठालाच राहिल्या, आणि दुपारी सूर्य कलल्यावर वाऱ्यानं त्या बांधलेल्या होड्यांचे दोर तोडले. ते पाहुण्यांनीही बघितलं. महिन्याभरात नियम बदलला. हवा पाहणाऱ्या बाईनं होडीत बसायचं नाही, काठावर उभं राहून फक्त सांगायचं. पहिल्या होडीत त्यानं बसायचं, ज्याला शर्यत हवी आहे. त्यानंतर कारभारी तिचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेऊ लागला, आणि समजलं नाही तर पुन्हा विचारू लागला. त्याची मुलगी खांदा बरा झाल्यावर रोज पहाटे बाईबरोबर डोंगरावर जाऊ लागली. डाव्या हातानं बर्फात काठी खुपसायची सवय व्हायला तिला एक हिवाळा लागला.

धोका सांगणाऱ्याचं म्हणणं ऐकलं तर धोका टळतो, त्याला नुसतं बरोबर नेऊन टळत नाही. लहानांनी आणि मोठ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच.

आणि त्या संध्याकाळी, भरल्या दरबारात, कारभाऱ्याच्या डोळ्यांत बघून, आवाज जराही न चढवता बाई म्हणाली ते असं:

“मी बसले असते, तर वारा एवढाच आला असता, कारभारी, आणि आत्ता नदीत तुम्ही चौघांऐवजी पाच जणांना शोधत असता.”