पाचव्या घाटाची आरोळी

कातरगडच्या तळ्याला पाच घाट आहेत. चार रुंद, कमानींचे, दिव्यांसाठी कोनाडे असलेले. पाचवा अरुंद आणि बिनकमानीचा, पण त्याच्या पायऱ्या अशा टाचून बसवल्या आहेत की शेवाळ धरले तरी पाय घसरत नाही. त्याच्यासमोर मोठे मैदान आहे आणि मैदानाच्या टोकाला जमिनीबरोबर बसवलेला एक काळा पंचकोनी दगड. पाहुणे येतात, घाटाचे फोटो काढतात आणि खुशाल चपला घालून त्या दगडावर उभे राहतात.

मग दौलूतात्या ओरडतात. त्या मैदानाची निगा राखण्यात त्यांचा जन्म गेला. "उतरा आधी! उंबरा हाय तो. तिथं पोचायचं असतं, फोटोला उभं ऱ्हायाचं नसतं." पाहुणे ओशाळून उतरले की तात्या त्यांना पाचव्या घाटावर बसवतात आणि ठकूबाईची हकीकत सांगतात. सांगताना दर वेळी असे चिडतात, जणू कालच घडले. न चिडता सांगायची ही गोष्टच नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे.

संस्थानी काळात, असे सांगतात, कातरगडचे राजे विलायतेपलीकडे कुठेतरी जाऊन आले आणि येताना बेसबॉलचे वेड घेऊन आले. दांडक्याने चेंडू टोलवायचा, तीन थांबे घेत पळायचे आणि जिथून निघालो तिथेच परत यायचे. त्या शेवटच्या जागेला गावाने आपले नाव दिले, उंबरा. उंबऱ्यावर पोचला की एक धाव. राजांनी चार पेठांचे चार संघ केले, पाचवा राजवाड्याचा, आणि खेळाडूंना चक्क पगार बांधून दिला. पण पाच संघांत एक नेहमी बसून राही. जोडी जुळावी म्हणून वेशीबाहेरच्या पाथरवटवाडीतून सहावा संघ उभा केला. जेवणाच्या पंगतीत पान रिकामे दिसू नये म्हणून कुणाला तरी बसवावे, तसा.

आता हे तळे बांधले कोणी? पाथरवटांनी. चारही पेठांचे घाट घडवले कोणी? पाथरवटांनी. आणि पाथरवटांना घाट कुठे होता? कुठेच नव्हता. राजवाड्याला स्वतःची विहीर होती, पेठांना एकेक घाट होता, आणि पाथरवटांच्या बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. ठकूबाई त्यांतलीच. नवरा खाणीत दरडीखाली गेलेला, एकुलता एक मुलगा कुशाबा, आणि घागर वाहून वाहून चुंबळीच्या जागचे केस उडालेले. तळ्याच्या कडेने रिकामी घागर घेऊन जायची आणि तळ्याच्याच कडेने भरलेली घेऊन यायची. तळ्यात घागर बुडवली की पेठेची माणसे दगड मारीत. दगडही पाथरवटांनीच फोडलेले!

राजे त्या दिवशी खुशीत असावेत. हंगामात जो संघ पहिला येईल त्याला चांदीची ढाल आणि त्याच्या नावाने तळ्यावर नवा घाट, असे त्यांनी भर दरबारात जाहीर केले. पेठांना घाटाचे काय कौतुक? त्यांचे डोळे ढालीवर. ठकूबाईला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. तिला एवढेच कळले, की कुशाबा पळून घरी आला की घाट जवळ येतो.

सुरुवातीला पाथरवट सपाटून हरले. घणाची सवय असलेली माणसे, दांडके हलके लागून हातातून सुटायचे. एकदा तर ते थेट राजवाड्याच्या सनईवाल्यांत जाऊन पडले, म्हणे. पेठा पोट धरून हसल्या. मग हात बसला. खाणीच्या तळातून वर दगड भिरकावणाऱ्या हातांनी फेकलेला चेंडू दिसेचना कुणाला. पावसाळा सरेपर्यंत एकेक पेठ हरत गेली आणि हसणे बंद झाले. उरला राजवाडा.

उंबऱ्याचा एक नियम होता. दर डावाआधी, आणि प्रत्येक धावेनंतर पुन्हा, त्या काळ्या दगडावर ओला चुना फासायचा. धावणाऱ्याचे पाऊल चुन्यात उमटले तर तो पोचला, नाही तर बाद. पंच ती खूण बघून आरोळी द्यायचे. आणि पाथरवटांची एक रीत होती. खाणीतून माणूस जिवंत घरी आला, की उंबऱ्यावर त्याच्या पायांवर पाणी घालायचे. वाडीच्या बायकांनी ती रीत मैदानात आणली. गडी पोचला, पंचांनी आरोळी दिली, की पायांवर पाणी. डोंगरापलीकडून आणलेले पाणी, पण हात आखडला नाही कुणी.

शेवटच्या सामन्याला पंच होते मामासाहेब, खुद्द राजांचे मामा. इथेच काय ते समजावे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय! दिवसभर खेळ बरोबरीत चालला. दिवस कलला तेव्हा पाथरवटांचा शेवटचा डाव होता आणि तिसऱ्या थांब्यावर कुशाबा उभा होता. चेंडू टोलवला गेला आणि कुशाबा सुटला. राजवाड्याचा गडी चेंडू घेऊन झेपावला. त्याच्या आधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुशाबाचे पाऊल चुन्यात थपकन उमटले. पाचही बोटे, टाच, सगळे.

आणि ठकूबाईला धीर धरवला नाही. हंगामभर तिने आरोळीची वाट पाहिली होती, त्या दिवशी पाहिली नाही. पोरगा घरी आला होता, घाट आला होता. तिने घागर उचलली आणि सगळीच्या सगळी त्याच्या पायांवर ओतली. ओला चुना पाण्याबरोबर वाहून गेला.

मामासाहेबांनी आरोळीसाठी तोंड उघडले होते, असे सांगतात. ते त्यांनी मिटले. मग मिशीवरून हात फिरवून विचारले, "खूण कुठाय?"

कुशाबा म्हणाला, "मामासाहेब, तुमी हितंच हुबं हुता. तुमच्या डोळ्याम्होरं पाऊल पडलं."

"डोळ्यांचा नियम नाही. चुन्याचा नियम आहे. खूण नाही, तो बाद."

बाद! चार पेठांनी पाहिले, घोड्यांच्या मोतद्दारांनी पाहिले, सनईवाल्यांनी पाहिले. एकाने तोंड उघडले नाही. तात्या इथे थांबतात आणि म्हणतात, मामासाहेबाचं एक वेळ सोडा, पर बाकीच्यांच्या जिभंला काय झालं हुतं? राजांनीही मान खाली घातली. ढाल राजवाड्यात गेली.

ठकूबाई रडली नाही. स्वतःच्या हाताने आपण पोराचे पाऊल पुसले, हे तिला उमगले, आणि ते पुसलेले ज्याने वापरले त्याची तिला किळस आली. तिने रिकामी घागर उंबऱ्यावर पालथी घातली.

"मामासाहेब, म्या बाई येडी, मायेनं आंधळी झाली. तुमी डोळस असून आंधळं झाला. माझं पोरगं हितं पोचलं न्हाई म्हनता? तर मग आता हितं कुनाचंच पोरगं पोचायचं न्हाई. तुमी सोता त्या तळ्याचं पानी आनून हितं घालशिला, आन माझं पोरगं पोचलं म्हून सांगशिला, तवाच ही घागर सुलटी हुईल."

लोक हसले. घागर कुणीतरी लाथेने उडवली. पण दुसरा हंगाम सुरू झाला आणि हसणे आटले. त्या अख्ख्या हंगामात, म्हणे, एकाही संघाची एकही धाव झाली नाही. चेंडू गडाच्या बुरुजापार जाई, गडी तिन्ही थांबे घेई आणि उंबऱ्याच्या अलीकडे त्याचे पाय जड होत. कुणाला गोळा येई, कुणी दिशा चुकून भलतीकडे पळे. बाजारपेठेचा एक पहिलवान रांगत निघाला, तो हात पुढे करून तिथेच झोपी गेला. राजवाड्याने नवे खेळाडू आणले, ब्राह्मण बसवून शांत केली, दगड धुतला, दगड बदलला. पालथ्या घड्यावर पाणी! सामन्यामागून सामने शून्यावर सुटले. पगार चालू, खेळ बंद. पहिला कोण आणि शेवटचा कोण, काही ठरेना. कुशाबा खाणीत परतला होता आणि ठकूबाई रोज रिकामी घागर घेऊन तळ्याच्या कडेने जात होती, मैदानाकडे न बघता.

शेवटी राजांचीच मान वर झाली. त्यांनी मामासाहेबांना बोलावून सांगितले, घागर उचला. मामासाहेबांनी पायातले जोडे काढले, तळ्यात उतरले, डोक्यावर घागर घेतली. चुंबळ करता येईना म्हणून निम्मे पाणी अंगरख्यावर सांडले. साऱ्या गावासमोर त्यांनी ते उंबऱ्यावर ओतले आणि पुटपुटले, "कुशाबा पोचला."

ठकूबाई तळ्याच्या काठावर उभी होती. ती म्हणाली, "ऐकू न्हाई आलं."

मामासाहेब पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"बाद म्हनताना वेशीपातुर ऐकू आलं हुतं. तेवढ्या आवाजात."

मग मामासाहेबांनी घसा फाटेस्तोवर आरोळी दिली, "कुशाबा पोचला!" ठकूबाई म्हणाली, "ऐकलं." आणि जिथे उभी होती तिथेच वाकून तिने तळ्यात घागर बुडवली. कुणी दगड उचलला नाही. त्याच जागी पाचवा घाट झाला. पाथरवटांनीच घडवला, दुसरे कोण घडवणार? ढाल मात्र राजवाड्यातून परत आली नाही. ती आजतागायत आलेली नाही, आणि तात्या ते प्रत्येक पाहुण्याला बोट उगारून सांगतात.

आजही कातरगडला हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधी पंच अनवाणी तळ्यात उतरतो, घागर भरून आणतो आणि उंबऱ्यावर ओततो. त्याचा पहिला निर्णय तोच, जुना. पाचव्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांनी "ऐकलं" म्हटल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. गेल्या साली शहरातून एक नवा पंच आला होता. त्याने हसत हसत माइक हातात घेतला आणि आरोळी दिली. आवाज गडावर आपटून परत आला. घाटावरच्या बायकांनी धुणे थांबवले नाही, मान वर केली नाही.

पंचाने तात्यांकडे पाहिले. तात्या म्हणाले, "माइक ठिवा खाली. तुमच्या तोंडानं सांगा."