बुर्जी

एका राज्यात पुरंजय नावाचा राजा होता आणि त्याला बुद्धिबळाचा भारी नाद. राज्य पणाला लावून तो कृष्णाक्ष मांत्रिकाशी पटावर बसला. अट अशी, की सूर्य बुडायच्या आत डाव पुरा व्हावा. राजा एकाच चालीवर घुटमळला, सूर्य बुडाला आणि राजासकट अवघे नगर दगड झाले. वाचली ती फक्त धाकटी बहीण हेमलेखा, नदीपार गेली होती म्हणून.

मांत्रिक म्हणाला, "तयारी होईल तेव्हा हाक मार. हाच डाव पुढे खेळू. जिंकलीस तर नगर जिवंत. नाहीतर हे दगड कायमचे."

पटावर पुरंजयाचे उरले होते राजा, हत्ती आणि घोडा. मांत्रिकाचा राजा आणि एक प्यादे. यात काय मोठेसे! पण त्या राज्याचा रिवाज होता: समोरच्याचे सगळे सैन्य मारून त्याचा राजा एकटा पाडला, की बुर्जी झाली, म्हणजे डाव बरोबरीत. एकट्या राजावर मात नाही.

हेमलेखेने आधी जुन्या खेळाडूंनी ताडपत्रांवर लिहून ठेवलेल्या डावांच्या सगळ्या अखेरी पाठ केल्या. मग मांत्रिकाच्या घरून उडून आलेल्या राघूला पेरू चारून बोलते केले.

"ताईसाहेब, हरत आला की तो प्यादे पुढ्यात सारतो," राघू म्हणाला. "समोरचा हटकून ते मारतो."

राघूही म्हातारा होऊन गेला. मग ती पट फिरवून स्वतःशीच खेळू लागली. दिवसभराच्या चाली दगडी भावाला सांगे. तो बोलत नसे. कधी वाटे, घालावा हा पट चुलीत.

एके सकाळी मांत्रिकाच्या जागी बसल्याबसल्या तिला उमगले, की हा एकटा पडायचीच वाट बघतो. एकटे पडणे म्हणजे काय, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

तिने हाक मारली आणि दादाची अडलेली चाल खेळली. मांत्रिकाने प्यादे थेट हत्तीपुढे सारले.

"घे."

"राहू दे तुझ्या सोबतीला," हेमलेखा म्हणाली आणि घोडा आणून प्याद्याची वाट अडवली. मग हत्ती आणि आपला राजा यांच्या जोडीने त्याच्या राजाला कोपऱ्यात रेटत नेले.

"मात."

मांत्रिक धूर होऊन विरला. बाजारात गलका उठला, देवळात घंटा वाजली. पुरंजय पटावर वाकून ओरडला, "थांबा! सुचली चाल!" मग त्याने मान वर केली.

"लेखे, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

"तुझ्याच चालीला वेळ लागला, दादा," ती म्हणाली आणि तीस वर्षांनी भाऊ बोलला म्हणून ढसाढसा रडली.