डाग पाडला कोणी?

आमचा अंबादासदादा गेला, त्याला अजून महिनाही झाला नाही. पण त्याची ही गोष्ट सांगताना मला हसूच येतं.

दादा सोलापुरात रेवणशेठच्या कारखान्यात मागावर टॉवेल विणायचा. एकदा शेठनी मागांना आपोआप तेल देणारा पंप बसवला. पंपाला हार घातला, नारळ फोडला आणि सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून तेलाला माणसाचा हात लागणार नाही."

आठवड्याच्या आतच लच्छय्यामामांच्या मागावर पांढऱ्या टॉवेलवर तेलाचा हा एवढा डाग पडला. कारखान्याचा नियमच होता, डाग पाडणारा कामावरून बंद. शेठ म्हणाले, "मामा, उद्यापासून येऊ नका." मामा साठीला आले होते. त्या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार?

दादा आपला माग थांबवून पुढे आला.

"शेठ, नियम म्हणजे नियम. पण तेलाला माणसाचा हात लागत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग बंद करायचं ते पंपाला. काढू का त्याचा हार?"

कारखाना हसायला लागला. शेठ गडबडले.

"अरे, तो नवा आहे. पहिलीच चूक आहे त्याची. सांभाळून घेऊ."

"घेऊ की," दादा म्हणाला. "त्याला केलेल्या चुकीची माफी देताय, तर मामांना न केलेल्या चुकीची द्या."

शेठनाही हसू आवरेना. मामा कामावर राहिले.

दादाच्या तेराव्याला शेठनी स्वतःच हे सगळं सांगितलं. तेव्हा मामा डोळे पुसत म्हणाले, "शेठ, एक राहिलं. त्या दिवशी पंपाचा तो सुकलेला हार त्याने माझ्या गळ्यात घातला होता."