सात घोड्यांचा नालबंद

इंग्रजी अमदानीत पुण्याच्या लष्करात इस्माईल नालबंदाचं दुकान जोरात चालायचं. एकदा शर्यतीत स्वतःच घोड्यावर बसलेला कॅप्टन हार्डविक शेवटचा आला. तो तणतणत दुकानात शिरला आणि सगळ्यांदेखत ओरडला, “तुझ्या नालांमुळे माझा घोडा हरला! उद्यापासून तुझं दुकान बंद!”

इस्माईल अदबीनं म्हणाला, “हुजूर, आज धावलेल्या सातही घोड्यांचे नाल माझेच होते. पहिल्या आलेल्या कर्नलसाहेबांच्या घोड्याचेसुद्धा. मी फक्त पायाखालचं बसवतो. पाठीवर कोणाला बसवायचं, ते काही माझ्या हातात नाही.”

दारात येऊन उभे राहिलेले कर्नलसाहेब खो खो हसत सुटले. “दुकान चालूच राहील,” ते म्हणाले. “कॅप्टन, पुढच्या शर्यतीला तुम्ही दुसरा स्वार बघा!”