लिंबाची दुसरी फोड

"वळखा बघू वस्ताद, माझ्या अंगावर काय हाय?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. ते लिंबू कापत होते.

"आत्ता ह्या घडीला अंगावर हाय. आन् तीन वर्सं झाली, एका माणसाला सुगावा न्हाई!" जयवंत ढमढेरे तालमीच्या उंबऱ्यावर छाती काढून उभा होता. "एका बी माणसाला!"

"बरं."

"म्हंजे... बायकोला ठावं हाय. तिच्या हाताला लागलं एकदा."

"बरं."

"ड्रायव्हरला ठावं हाय. शिटाखाली पडलं हुतं, त्येनंच वाकून काढून दिलं. आन् शिंप्याला तर सांगावंच लागतंय की. न्हाईतर आतला खिसा शिवणार कोण?"

"मग ठावं न्हाई ते कुणाला?"

"दुश्मनाला!"

वस्तादांनी फोड पातेल्यात पिळली. बिया बोटांनी वेचून बाजूला टाकल्या.

"पिस्तूल हाय म्हण की," ते म्हणाले.

जयवंताची छाती जागेवर आली. म्हातारा निदान दोन-तीनदा तरी चुकेल, आधी मोबाईल म्हणेल, मग औषधाची डबी म्हणेल, असा त्याचा हिशोब होता. कोडं घालणाऱ्याला उत्तराची घाई नसते. समोरचा हरताना बघायचा असतो.

"कसं वळखलंत?"

"तुझं उजवं कोपार बरगडीला चिकटून आत आलं. मागनं तू आलास. पैलवान दुखरी जागा अशीच झाकतो, आन् समोरचा नेमका तिथंच हात घालतो. तेरा वर्सांचा हुतास तवा शिकिवलंय हे तुला. खडीच्या धुरळ्यात इसरलास."

जयवंतानं कोपर बाजूला केलं. दोन श्वास गेले... कोपर पुन्हा बरगडीला.

वस्ताद हसले. त्यांना तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसू सगळंच्या सगळं दिसायचं.

दस्तगीर मुलाणी ब्याऐंशी वर्षांचे. अंगात आता सिमेंटच्या पोत्याएवढंही वजन उरलं नव्हतं. पण दोन्ही कान कुस्तीत मोडून वाळल्या बोरासारखे झालेले, तेवढे मात्र तसेच. असे कान असले की माणसाला पाटी लावावी लागत नाही.

आळवेवाडीच्या त्यांच्या तालमीत एक रीत होती. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत महिन्यातून एकदा ताक, हळद, तेल आणि लिंबाचा रस पडायचा. त्या दिवशी जो कुणी आत पाऊल टाकील, त्यानं मांडी घालून लिंबं पिळायची. फौजदार चौकशीला आला, त्यानं पिळली. एक पुढारी मतं मागायला आला, त्यानं फोटोपुरती दोन पिळली. वस्तादांनी त्याच्याकडून चाळीस पिळून घेतली आणि मत दिलं नाही ते नाहीच.

गेल्या आठवड्यात वस्तादांनी पारावर सांगून टाकलं होतं, "गुडघे संपले. बुधवारी लिंबं पिळायची हायत. माती भिजंल, आन् पिळणाऱ्याच्या हातात तालमीची किल्ली जाईल."

आज बुधवार. जयवंत त्या किल्लीसाठी आला होता.

त्याच्याकडे खडीचा क्रशर होता, टिपर होते, बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते (त्यातल्या एकाचं तोंड गवंड्याच्या चुकीमुळे म्हशीसारखं झालेलं). लोक त्याला शेठ म्हणायचे. पण शेठ गेला की दुसरा शेठ येतो. वस्ताद मेल्यावरही वस्तादच राहतो. जयवंताला ते नाव हवं होतं. रात्रंदिवस हवं होतं.

"बस," वस्ताद म्हणाले. "ह्या फोडी घे."

जयवंत बसला. डाव्या हातानं फोड उचलली.

"दोन्ही हात लाव."

"उजवा मोकळा ठेवायचा आस्तोय, वस्ताद. नियमच हाय तसा. कवा गरज लागंल सांगता येत न्हाई."

"तीन वर्सं मोकळाच?"

"तीन वर्सं."

आणि ते खरं होतं. तीन वर्षांत त्यानं उजव्या हातात छत्री धरली नव्हती. लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकल्या, नवरीची आई अजून बोलत नाही. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला, तर गुरवानं सगळ्यांदेखत झापलं. आणि नात होती, अडीच वर्षांची. तिला आजोबाच्या उजव्या कडेवर बसायची खोड. दोनदा त्यानं तिला झटक्यानं डावीकडे घेतलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

"कुणासाठी एवढं?" वस्तादांनी विचारलं.

"सर्ज्यासाठी. दुसरं कोण?"

सर्ज्या म्हणजे सर्जेराव उगारे. ह्याच तालमीतला, ह्याच्याच वयाचा. चौदा वर्षं दोघं ह्याच हौद्यात एकमेकांच्या छातीवर बसले, एका तांब्यातून थंडाई प्याले. पुढे खाणीच्या टेकडीच्या हद्दीवरून दोघांत वाद निघाला. तहसील कचेरीच्या आवारात सर्जेराव ओरडला, "बघून घेतो तुला!" पुढच्याच महिन्यात जयवंतानं पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज भरला.

"बघून घेतो असं त्यो आमटीला बी म्हणतो," वस्ताद म्हणाले. "बरं. दाखव तरी. समज, मी सर्ज्या हाय. आलो मी अंगावर. काढ!"

जयवंत उठला. जाकिटाची चेन ओढली. चेन अर्ध्यात अडकली.

वस्तादांनी एक लिंबू पिळलं.

चेन सुटली. आत सदरा, सदरा पँटीत खोचलेला.

दुसरं पिळलं.

सदऱ्याखाली बनियन. बनियनखाली रबरी पट्टा. पट्ट्याचं चिकटणारं तोंड करकर वाजलं. तिसरंही पिळून झालं.

"चौथं घेऊ का थांबू?" वस्तादांनी विचारलं. "का सर्ज्याला चहा पाजायचा तंवर?"

पाचव्या लिंबाला पिस्तूल बाहेर आलं. सोबत अर्धा बनियनही आला.

काळं, चपटं, तळहाताएवढं. जयवंतानं ते असं धरलं, जणू बारशातलं बाळ आहे.

"बत्तीस बोअर. नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा घासून घेतलाय, कापडात अडकू नये म्हणून. घोडा बी आतल्या आत. भायेर कायच दिसत न्हाई."

"कान न्हाईत, नाक न्हाई," वस्ताद वाकून बघत म्हणाले. "बिचारं." मग स्वतःचा मोडका कान त्यांनी बोटानं हलवला. "आमी आमचं हत्यार उघडं घेऊन फिरलो. बाजारात शिरलो की माणसं लांबनं वाट सोडायची. आन् लपवणार तरी कुठं? लंगोटात देवानं दिलेल्यालाच जागा पुरत न्हाई."

जयवंत हसला नाही.

"हसा! जीव माझा हाय. मी हे सोडणार न्हाई, वस्ताद. तुमी सांगितलं तरी न्हाई. वरनं देव आला तरी न्हाई."

"सोड म्हणालं कोण?"

"मग?"

"खाली ठेव म्हणतोय. हात ओले व्हणार. लोखंडाला लिंबू सोसत न्हाई. म्हागाचं आसंल."

हे मात्र जयवंताला पटलं. माणसाला शहाणपण पटत नाही, पण वस्तू खराब होईल म्हटलं की लगेच पटतं. त्यानं सेफ्टीचा खटका बघितला, पुन्हा बघितला आणि पिस्तूल शेजारच्या टोपलीत अलगद ठेवलं.

वस्तादांनी पिळलेल्या सालींचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच टोपलीत ओतला.

"हां," ते म्हणाले. "आता खरं लपलं."

"वस्ताद!"

"पिळ."

जयवंत पिळू लागला. दोन्ही हातांनी.

नखाजवळ कापलेलं होतं, तिथं झोंबलं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. हौद्यातून हळदीचा आणि जुन्या घामाचा वास येत होता. त्यातला थोडा घाम त्याचा स्वतःचाच असणार. दहा लिंबं झाली. पंधरा झाली. कोपर बरगडीपासून सुटलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"काल सर्ज्या आला हुता," वस्ताद म्हणाले.

जयवंताचे हात थांबले.

"त्यो बी तिथंच उभा ऱ्हायला. तू उभा हुतास तिथंच. म्हणाला, वळखा बघू वस्ताद, माझ्या अंगावर काय हाय."

जयवंताची नजर उंबऱ्याकडे गेली.

"त्येचं पोटरीला बांधलंय. लंगडत हुता. मला वाटलं, गुडघा गेला बिचाऱ्याचा."

"सर्ज्याकडं? पिस्तूल?" जयवंतानं विचारलं. "कवापासनं?"

"तुझ्या मागनं तीन म्हैन्यांनी."

"पर माझ्याकडं हाय हे त्येला कुणी सांगितलं?"

"शिंप्यानं. तुमचा दोघांचा शिंपी एकच."

"पोपट शिंपी?"

"त्येची काय चूक? त्येला वाटलं नवी फ्याशन निघाली. म्हणाला, जयवंतशेठनी आतनं खिसा काढून घेतलाय, तुमाला बी काढू का? सर्ज्यानं इचारलं, खिसा केवढा? त्येनं टेप लावून दाखवला."

जयवंतानं हातातली पिळलेली फोड पुन्हा पिळली.

तीन वर्षं. छत्री नाही, अक्षता नाहीत, नात नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांतच टेप लावून मोजून झालं होतं!

"मग... त्येला तुमी काय सांगितलंत?"

"सांगितलं, उद्या चारला ये. लिंबं पिळायची हायत."

"आज चारला?"

"आज चारला."

"आन् मला साडेतीनला बोलावलंत?"

"तुला चेन काढाय येळ लागतो."

भिंतीवरच्या घड्याळात चारला चार मिनिटं कमी होती. घड्याळ पुढे होतं की मागे, ते तालमीत कुणालाच कधी माहीत नव्हतं.

बाहेर जीप थांबली.

दार आपटल्याचा आवाज आला. मग पावलं. एक हलकं, एक जड. एक हलकं... एक जड.

जयवंतानं टोपलीकडे पाहिलं. सालींचा पिवळा ढीग. कुठल्या सालीखाली काय आहे, ते त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. उजवा हात उघडला, मिटला. हातातून रस ठिबकत होता.

"येडे झालाय काय तुमी?" तो दबक्या आवाजात ओरडला. "दोघांला एका खोलीत आणलंत? दोघांतला एक मरंल आज!"

"मरू दे की," वस्ताद म्हणाले. "कोण नको म्हणतंय? पर माती भिजल्याबिगर न्हाई. माज्या तालमीत कोरड्या मातीवर कोण पडलेलं न्हाई आजवर."

त्यांनी कमरेच्या करगोट्याची गाठ सोडली. तालमीची किल्ली काढली, हौद्याच्या काठावर ठेवली आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

उंबऱ्यावर सावली पडली. रुंद खांदे. उजवा पाय मागे ठेवलेला, गुडघ्यात किंचित वाकलेला.

"वस्ताद..." सर्जेरावाचा आवाज आला. "आत कोण बसलंय त्ये?"

वस्तादांनी सुरीवरचा रस बोटानं पुसला.

जयवंतानं मागे वळून बघितलं नाही. त्याचं सगळं अंग म्हणत होतं, टोपली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, निसरडे, आणि समोर किल्ली.

"वस्ताद," तो पुटपुटला, "माझे दोन्ही हात अडकल्यात. आता काय करू? सांगा लवकर!"

वस्तादांनी नवं लिंबू घेतलं, मधोमध कापलं. एक फोड जयवंताच्या उजव्या हातात ठेवली. त्याची बोटं तिच्यावर मिटवली.

"दुसरी त्येला दे."