देवाला लागलेली तहान

ऐका आता. कुशा, पाय आवर आधी, रेवतीच्या पोटात जातोय. हं.

तर एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात मेघवर्मा नावाचा वीर राहायचा. त्याचा सारथी कोण, माहितीये? साक्षात श्रीकृष्ण. लहानपणी दोघं एकत्र गुरं राखायचे, त्यामुळे मैत्री अगदी जिवाभावाची. रथाला दोन पांढरे घोडे, लोण्या आणि साखऱ्या. नावं देवानंच ठेवलेली, दुसरं काय सुचणार त्याला.

मग नदीचं पाणी माझ्या एकट्याचंच, असं म्हणत नदीपलीकडचा राजा चालून आला. नदी ओलांडली की गाव गेलं, आणि गावात मेघवर्माची म्हातारी आई होती. मग काय, हा निघाला लढायला.

त्या गावाची एक रीत होती, बरं का. रथ परत आला की पहिलं पाणी घोड्यांना, मग सारथ्याला, आणि वीरानं प्यायचं सगळ्यांत शेवटी. आणि सगळ्यांचं पाणी वीरानंच स्वतः आणून द्यायचं.

पहिल्या दिवशी मेघवर्मानं स्वतः पाणी आणलं. घोडे प्याले, देव प्याला, मग हा. संध्याकाळी देवानं घोड्यांच्या खुरांतले काटे काढले आणि मग बासरी वाजवत बसला. नदी सोन्यासारखी पिवळी झाली होती, आणि घोडे डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो शत्रूला मागं हटवून आला, तर लोक हार घेऊन आले. मग याला कुठली फुरसत? गड्याला म्हणाला, "तू पाज रे."

तिसऱ्या दिवशी तर कमालच केली बाबानं. रथातून उतरला, घागर उचलली, घटाघटा प्याला आणि उरलेलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. घोडे बघत राहिले. देवही बघत राहिला. मला तर असा राग येतो ना त्या मेघवर्माचा.

मग चौथ्या दिवशी सकाळी पलीकडे नगारे वाजले. देवानं लगाम धरला, "चला रे" म्हणाला. घोडे जागचे हलेनात.

मेघवर्मा घाबरला. "कृष्णा, अरे ते पलीकडचे पाण्यात उतरले. माझी आई आहे गावात. तू देव आहेस ना, हुकूम कर घोड्यांना."

देव म्हणाला, "मी लगाम धरतो गड्या, पाय त्यांचेच आहेत. कालपासून तहानलेत ते." मग हळूच म्हणाला, "मीही तहानलोय."

देवाला कशी तहान लागते, म्हणतेस रेवती? अगं, माणसाकडे राहायला आला की त्यालाही लागते.

मेघवर्माचा चेहरा पडला. त्यानं डोक्यावरचा लोखंडी टोप काढला आणि नदीकडे धावला. पहिला टोप लोण्याला. दुसरा साखऱ्याला. तिसरा देवापुढे धरला. "चुकलो रे," एवढंच म्हणाला. देवानं अर्धं पाणी प्यायलं आणि अर्धं ठेवलं. "हे तुझं. तूही दमलायस."

मग रथ असा निघाला, असा निघाला, की चाकं जमिनीला लागेनात. देवानं बासरी ओठांना लावली. पाण्यातून येणारे शत्रूचे घोडे तिथंच थांबले, माना खाली घातल्या आणि पाणी पिऊ लागले. ओढले तरी हलेनात. लोण्या-साखऱ्याही त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. घोडे पाणी पीत असताना कोण कोणाशी लढणार? पलीकडच्या राजानं तोंड धुतलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं. मग ठरलं, पाणी दोन्ही काठांचं. राजा माघारी गेला. मेघवर्मा घरी आला, आईच्या हातचा दहीभात खाल्ला, आणि सगळे सुखात राहिले. देवही तिथंच राहिला, संध्याकाळी कोणी पाणी आणतंय का बघत.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. कुशा, उठलास कशाला रे? तहान लागली? घे, तांब्या तिथंच आहे. रेवतीला देतोस आधी? शहाणा माझा.

आणि हे कोणाला? मला?

आण बाळा. कधीची घसा सुकवून बोलतेय मी. आता तू पी, आणि नीज.